हानाचा रस्ता ऐकत ऐकत: माउईत ऑडिओ टूर लावून स्वतःच्या गाडीने कसं फिरायचं

हवाईतल्या माउई बेटावर, तिथल्या हाना गावापर्यंतचा वळणावळणांचा रस्ता बघायला आम्ही सहा जण गेलो होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. बाबांचा गुडघा दुखरा, आईला गाडी लागते, मुलं दर अर्ध्या तासाला भुकेली. अशा घरातल्या माणसांना बसच्या टूरमध्ये कोंबायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या घड्याळावर चालायचं, म्हणून मिनीव्हॅन भाड्याने घेतली आणि फोनवर ऑडिओ टूर विकत घेतली. आता ओळखीतलं कोणी निघालं की मला फोन येतोच, काय काय करायचं म्हणून, तर सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी ही भानगड काय असते ते सांगते. टूर बनवणाऱ्यांनी रस्त्यावर ठिकठिकाणी न दिसणाऱ्या खुणा करून ठेवलेल्या असतात, तुमची गाडी त्या जागेवर आली की फोनमधल्या जीपीएसला कळतं आणि त्या जागेची गोष्ट आपोआप गाडीच्या स्पीकरवर सुरू होते, पुढे उजवीकडे धबधबा आहे, पार्किंग डाव्या हाताला आहे, या पुलावर थांबू नका, असं सगळं. हवाईसाठी शाका गाईड आणि गाईडअलाँग ही दोन नावं जास्त ऐकू येतात, गाईडअलाँगचं जुनं नाव जिप्सी गाईड. पैसे माणशी नाहीत, गाडीत सहा जण बसले तरी एकच टूर पुरते, त्यामुळे मोठ्या कुटुंबाला हे फारच स्वस्त पडतं. घ्यायच्या आधी तीन गोष्टी वाचा: टूर नक्की कुठून सुरू होते, परतीच्या रस्त्यावर पण बोलते का, आणि एकदा घेतली की कायमची आहे का मुदत आहे. निवेदन इंग्रजीत असतं, आई-बाबांसाठी मागच्या सीटवर कोणीतरी मराठीत सांगणारा ठेवावा लागतो, आमच्याकडे ते काम मोठ्या मुलीने केलं आणि तिलाच त्यातलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

तिकिटं काढली की लगेच करायची कामं

लोक विमान आणि हॉटेल बुक करून निवांत बसतात आणि इथेच फसतात. या टूरमध्ये दोन ठिकाणी आधी आरक्षण लागतं आणि तुमच्या टूरचा दिवस त्यावरच ठरतो, उलटं नाही.

पहिलं वायआनापानापा स्टेट पार्क, काळ्या वाळूचा किनारा तो हाच, हानाच्या थोडा अलीकडे. हवाईचे रहिवासी नसाल तर आरक्षण लागतंच, 30 दिवस आधी खुलं होतं आणि त्याच दिवशीचं मिळत नाही, निदान आदल्या दिवशी तरी काढलेलं असायला हवं. माणशी 5 डॉलर आणि गाडीचे 10, म्हणजे आम्हा सहा जणांचे 40 झाले. वेळेचे स्लॉट असतात, सकाळी 7 ते 10, 10 ते 12:30, 12:30 ते 3 आणि 3 ते 6. माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा जात असाल तर 12:30 ते 3 चाच घ्या. सकाळचा घेतला तर वाटेतलं सगळं सोडून धावत सुटावं लागतं, आणि शेवटचा घेतला तर परतीला त्या वळणांवर अंधार होतो.

दुसरं हालेआकला, ज्वालामुखीचा डोंगर, 10,023 फूट. तिथे सूर्योदय बघायचा तर पहाटे 3 ते 7 मध्ये आत शिरायला वेगळं आरक्षण लागतं, गाडीमागे 1 डॉलर, 60 दिवस आधी सुटतं आणि थोड्या जागा दोन दिवस आधी परत सुटतात. पार्कची फी वेगळी, गाडीला 30 डॉलर, पण ती तीन दिवस चालते आणि हानाच्या पुढचा किपाहुलूचा भाग त्याच नॅशनल पार्कात येतो, म्हणून दोन्ही जागा तीन दिवसांच्या आत बसवल्या की एकाच फीत काम होतं. पावती मात्र जपून ठेवा.

भारतातून थेट येणारे असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा आणि मूळ लायसन्स पण सोबत असू दे. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, ती सवय आधीपासून नसेल तर हानाच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी शिकायला जाऊ नका, आधी एक दिवस वाईलेया-किहेईच्या सरळ रस्त्यांवर हात बसवा.

आदल्या रात्री

खरं सांगायचं तर निम्मी टूर आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीतच होते.

वाटेतल्या ट्विन फॉल्स धबधब्यांच्या पुढे गेलात की हाना गाव येईपर्यंत फोनला रेंज जवळपास नसतेच. त्यामुळे पूर्ण टूर वायफायवर डाउनलोड करायची, नुसतं विकत घेऊन भागत नाही, डाउनलोड पूर्ण झाल्याची खूण दिसली पाहिजे. मग वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करून ॲप उघडून बघा, नकाशा दिसतोय का, एखादी गोष्ट वाजतेय का. गुगल मॅपचा माउईचा नकाशा पण ऑफलाइन उतरवून ठेवा.

फोनची सेटिंग्ज आत्ताच बघा, सकाळी घाईत होत नाहीत. लोकेशनची परवानगी कायम चालू, अचूक लोकेशन चालू, बॅटरी सेव्हर बंद. हा बॅटरी सेव्हर फार महत्त्वाचा. आमची टूर सुरुवातीची वीस मिनिटं गप्प होती, मला वाटलं पैसे वाया गेले, नवरा परत परत ॲप बंद करून उघडत होता आणि तोपर्यंत पाईया गावाची अख्खी गोष्ट निघून गेली. कारण एवढंच की फोन लो पॉवरवर होता आणि स्क्रीन बंद झाली की लोकेशन घेणं थांबत होतं. ॲप मागे चालू ठेवायचं, वर सरकवून बंद करायचं नाही. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो, म्हणून एअरप्लेन मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू ठेवलं तरी चालतं, जीपीएसला रेंजची गरज नसते.

अजून एक, गोष्टींची यादी एकदा वरवर चाळा आणि कुठे उतरायचं ते आत्ताच ठरवा. टूरमध्ये तीसेक थांबे सुचवलेले असतील, सगळे एका दिवसात होत नाहीत म्हणजे नाहीत. आम्ही चारच ठरवले, बाकी सगळं गाडीतून बघत ऐकत गेलो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर चारच्या वर जाऊ नका असं मी कळकळीने सांगेन. दर थांब्याला पार्किंग, चपला, बाथरूम, परत सगळ्यांना गाडीत बसवणं, पाऊण तास कुठे जातो कळत नाही.

गाडी ताब्यात घेताना

पार्किंगमधून बाहेर पडायच्या आधी ब्लूटूथ जोडा आणि आवाज येतोय का बघा, शिवाय केबल जवळ ठेवा कारण सगळ्याच गाड्यांचं ब्लूटूथ मेळ खात नाही. दोन फोन लागतात, एकावर टूर, दुसऱ्यावर नकाशा, आणि नकाशाचा बोलका आवाज बंद, नाहीतर दोन बायका एकाच वेळी बोलतात आणि वळण चुकतं. टूरचा फोन ड्रायव्हरच्या हातात कधीच नको, चालवताना फोन हातात धरणं तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी त्या रस्त्यावर ते जमणार नाही. शेजारचा माणूस हा टूरचा चालक, थांबवणं, मागे नेणं, आवाज कमी करणं सगळं त्याच्याकडे.

भाड्याच्या करारात किपाहुलूच्या पुढच्या, बेटाच्या मागच्या बाजूच्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तो भाग अरुंद आणि काही ठिकाणी कच्चा आहे, काही करारांमध्ये तिथे नेलेल्या गाडीची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर टाकलेली असते. आई-बाबा सोबत होते म्हणून आम्ही तो विचारच केला नाही, आलो त्याच रस्त्याने परतलो.

सकाळ

साडेसहाला काहुलुई, म्हणजे विमानतळाचं गाव, सोडा. पाईयात पेट्रोल टाकी पूर्ण भरा, पुढे थेट हानातच पंप आहे आणि तिथे महाग. खायचं सोबत घ्या, आमच्याकडे थेपले आणि गुळपोळ्या होत्या. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, काहुलुईपासून हाना अंतर जेमतेम 52 मैल पण वळणं मोजून 620 सांगतात आणि 59 पूल. आईला आलेपाक आणि आवळा सुपारी दिली होती, डॉक्टरांना विचारून गोळी पण दिली, आणि मी वळणावर ब्रेक न मारता वळणाच्या आधीच वेग कमी करत होते, सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला.

एक गोंधळ आधीच सांगते. रस्त्याच्या कडेला मैलाचे छोटे हिरवे फलक असतात, सुरुवातीला रस्ता क्रमांक 36 वर ते 16 पर्यंत जातात आणि मग रस्त्याचा नंबर 360 होतो आणि फलक परत शून्यापासून सुरू. कोणी म्हणालं की 17 व्या मैलावर थांबा तर तो या दुसऱ्या मोजणीतला 17. टूर कुठे अडकली तर हेच फलक बघून यादीतली गोष्ट हाताने लावता येते.

पूल आणि मागची गाडी

आपण घाटात वाढलेली माणसं, वरंधा, आंबेनळी, वळणाची भीती नाही वाटत, पण आपल्या दोन सवयी इथे गाडीतच ठेवायच्या. पहिली हॉर्न. आपल्याकडे आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणं ही सभ्यता, तिथे उगाच हॉर्न वाजवलेला लोकांना फार लागतो. दुसरी, दामटून पुढे घुसणं. 59 पैकी 46 पूल एका गाडीपुरते रुंद आहेत. पांढऱ्या रेषेपाशी थांबायचं, समोर बघायचं, जो आधी पोचला तो आधी, आणि समोरून रांग येत असेल तर पाच-सात गाड्या जाऊ द्यायच्या, मग आपल्या बाजूची रांग निघते. जाताना हात वर करून आभार मानायचे, अंगठा आणि करंगळी बाहेर काढून केलेली ती शाकाची खूण. मुलांनी ती पहिल्या तीन पुलांतच शिकून घेतली आणि मग दिवसभर तेच.

मागे गाडी चिकटली की जागा मिळेल तिथे बाजूला होऊन तिला जाऊ द्या, टूरमध्ये कितीही रंगात गोष्ट चालू असली तरी. त्या गाडीत बहुतेक हानाचं कोणीतरी असतं, कामावर निघालेलं नाहीतर काहुलुईच्या दवाखान्यातून परतणारं, आपली सहल हा त्यांचा रोजचा रस्ता आहे. हा रस्ता मोटारींसाठी 1926 मध्ये खुला झाला, त्याआधी हानाचा माल आणि माणसं बोटीनेच जायची यायची. आणि कडेला नो पार्किंग लिहिलेलं असेल तर एका फोटोसाठीसुद्धा थांबू नका, दंड 200 डॉलरच्या वर जातो, आणि मागे रुग्णवाहिका अडकते ते वेगळंच.

आमचे थांबे, आणि अळू

पहिल्यांदा कुठे उतरायचं तर ट्विन फॉल्सला नको, तिथे सगळेच उतरतात. आम्ही थेट 12 व्या मैलाजवळ काउमाहिनाला थांबलो, तिथे स्वच्छतागृह आहे आणि समुद्राकडे तोंड करून टेबलं आहेत, थेपले तिथे खाल्ले.

मग केआनाय. मुख्य रस्ता सोडून डावीकडे खाली उतरायचं, लाव्हाची काळीभोर जीभ समुद्रात शिरलेली आहे आणि तिच्यावर छोटं गाव. सगळी टूर रद्द झाली तरी मी इथे परत जाईन. उतारावर ऑडिओमध्ये कालो, कालो असा शब्द येत होता आणि मी लक्ष देत नव्हते, तेवढ्यात आई ओरडली, अगं हे अळू! खरंच अळू. भाताच्या खाचरांसारखी पाण्याने भरलेली खाचरं, बांध घातलेले, पाटाचं वाहतं पाणी एकातून दुसऱ्यात उतरतंय आणि त्यात रांगेने अळू, देठ कंबरेएवढे. आईने गाडी थांबवायला लावली, कुंपणाच्या बाहेर उभी राहून पानांच्या शिरा बघत बसली आणि म्हणाली, हे वडीचं नाही, कंदाचं दिसतंय. बरोबर होतं तिचं. हवाईचे लोक कंद उकडून कुटून पोई करतात. टूरमधली गोष्ट मुलीने आजीला सांगितली, की आकाशपिता वाकेआचा पहिला मुलगा जन्मतः मृत होता, त्याला पुरलं तिथून अळू उगवलं, आणि नंतर झालेल्या दुसऱ्या मुलापासून माणसं आली, म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आई बराच वेळ काही बोलली नाही. ही खाचरं खाजगी आहेत, आत पाय टाकायचा नाही, बांधावर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. समोर दगडी चर्च आहे, 1946 च्या त्सुनामीत गाव वाहून गेलं आणि ते तेवढं उभं राहिलं.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की अशा जागी ऑडिओ थांबवा. गाडीतून उतरल्यावर फोन कानाला लावून फिरू नका. गोष्ट गाडीत ऐकून झालेली असते, खाली उतरलात की पाण्याचा आवाज ऐका, समोर कोणी केळ्याचा गरम ब्रेड विकत असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोला. तो ब्रेड मात्र घ्याच.

ओळखीची झाडं पुढे पण भेटत राहतात. उलू म्हणजे आपला कोकणातला नीरफणस, हाला म्हणजे केवड्याच्याच कुळातलं झाड. टूरमध्ये स्थानिक नावंच येतात, त्यामुळे नाव कानावर पडलं की बाहेर बघायचं, फार मजा येते. दोन शब्द आणखी लक्षात ठेवा, माउका म्हणजे डोंगराच्या बाजूला आणि माकाई म्हणजे समुद्राच्या बाजूला, बेटावर लोक पत्ता असाच सांगतात. आणि कापू लिहिलेली पाटी दिसली की तिथून मागे फिरायचं, म्हणजे प्रवेश मनाई.

धबधब्यांत उतरायचं का? आम्ही नाही उतरलो. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं, आणि गोड्या पाण्यात लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा, धोका असतो, अंगावर जखम असेल तर अजिबात नको. पाणी गढूळ व्हायला लागलं की मुलांना हाताला धरून बाहेर.

वायआनापानापाला आम्ही एक वाजता पोचलो, फाटकावर आरक्षणाचा कोड दाखवायला लागतो, तिथे रेंजच्या भरवशावर राहू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असावा. बाबा वर कठड्यापाशी बाकावर बसले आणि आम्ही खाली उतरलो. ती काळी वाळू ओंजळीत घेतली तर नुसती वाळू नाही, बारीक गुळगुळीत खडे, ओले असताना काळे मणी वाटतात. खिशात घालून आणायचे नाहीत, तिथल्या तिथे सोडून द्यायचे. सनस्क्रीन खनिजाचं घ्या, माउईत दुसऱ्या प्रकारचं विकायला बंदी आहे, प्रवाळासाठी.

किपाहुलूचं काय, असं विचाराल. हानाच्या पुढे दहा-बारा मैलांवर आहे, पीपीवाय ट्रेल जाऊन येऊन चार मैलांची, बांबूच्या बनातून जाते आणि शेवटी 400 फुटांचा वायमोकू धबधबा. पाय धडधाकट असतील तर अप्रतिम, पण वायआनापानापा, किपाहुलू आणि त्याच दिवशी परत हे गणित जुळत नाही, हानात एक रात्र मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. आमच्या बाबांना ते जमणारं नव्हतं, म्हणून तीनच्या आत माघारी फिरलो आणि उजेडात पाईया गाठलं. परतीला ऑडिओ बंद ठेवला, मागे सगळे झोपले होते.

हालेआकला, आणि अंधारातली टूर

यासाठी वेगळा दिवस ठेवा, हानाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठायचं म्हणजे मुलांचे हाल. आणि एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, सूर्योदयाला जाताना सगळा रस्ता काळोखात असतो, त्यामुळे आवाज ज्या जागा दाखवतोय त्यातलं काहीच दिसत नाही. टूर ऐकायची असेल तर सूर्योदयाच्या मागे न लागता सकाळी सातनंतर नाहीतर दुपारी वर जा, आरक्षण लागत नाही आणि थंडी जरा कमी. सूर्योदयच बघायचा असेल तर वर जाताना शांत जा आणि उतरताना यादीतून हाताने लावून ऐका. वर तापमान शून्याजवळ जाऊ शकतं, स्वेटर, कानटोपी, हॉटेलमधली ब्लँकेट सगळं घ्या, फोनची बॅटरी पण थंडीने भराभर उतरते. उंचीमुळे दम लागतो, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. पार्कात खायला मिळत नाही, पेट्रोलही नाही.

आम्ही दुपारी गेलो. हालेआकला म्हणजे सूर्याचं घर, आणि टूरमध्ये माउई नावाच्या दंतकथेतल्या वीराची गोष्ट आली, की सूर्य इतका घाईने पळायचा की माउईच्या आईचं, हिनाचं, सालीचं कापड वाळायचंच नाही, म्हणून त्याने या डोंगरावर चढून सूर्याला दोरांनी पकडलं आणि हळू चालायचं कबूल करून घेतलं. आई म्हणाली, वाळवणासाठी ना, बरोबर केलं त्याने.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या, ऑटोमॅटिक असली तरी बहुतेक गाड्यांत लो म्हणजे एल असतो. सारखा ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापून जळका वास येतो, तसा वास आला तर बाजूला थांबून गार होऊ द्या. वाटेत नेने नावाची राखाडी-तपकिरी बदकासारखी पाखरं रस्त्यावर येतात, ती हवाईचीच, दुर्मिळ, त्यांच्यासाठी वेग कमीच ठेवा. आणि गाडी परत देताना ब्लूटूथच्या यादीतून तुमचा फोन काढून टाका, आमच्या गाडीत आधीच्या चार जणांची नावं तशीच होती.